पुस्तकात वाचलं आणि दारात आलं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. त्यांच्याच शब्दांत देतो:

"महिन्याभरात तीनदा झालं. एका कादंबरीत कैक वर्षांनी घरी परतलेला काका वाचला आणि दोन दिवसांनी आमचा मामा अकरा वर्षांनी, न कळवता, मुंबईहून दारात उभा! मग एका लेखात अक्कमहादेवीबद्दल पहिल्यांदाच नीट वाचलं, तर दुसऱ्या दिवशी शाळेत कन्नडच्या टीचरनी फळ्यावर तिचंच वचन लिहिलेलं. तिसऱ्यांदा मात्र घाबरले. नव्या कादंबरीत नायिकेच्या वडलांच्या छातीत दुखायला लागतं, तिथं खूण घालून झोपले, आणि पहाटे आमच्या अप्पांच्या छातीत कळ आली. लगोलग बेळगावला नेलं, अँजिओप्लास्टी झाली, आता घरी आहेत. पुस्तकाची नव्वदेक पानं उरलीत, पण हात लावायचं धाडस होत नाही. हा नुसता योगायोग की काही संकेत? आणि पुढं वाचू का नको?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचे प्रश्न त्याच्या पोटातले आहेत. वाचा. कादंबरीतले वडील जगले काय नि गेले काय, तुमच्या अप्पांच्या गोळ्यांशी आणि पथ्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पहाटे वेळ न घालवता गाडी काढलीत, ते अप्पांच्या कामाला आलं.

आता सविस्तर. मी तेहतीस वर्षं बेळगावात एका वाचनालयाच्या काउंटरवर काढली. आधी देवघेव, मग ग्रंथपाल. पुस्तक परत करताना माणूस सहसा दोनच गोष्टी बोलतो: "बरं होतं", नाहीतर "शेवट पटला नाही". तिसरं काही बोलायला लागला, आवाज खाली आणला आणि मागं कोण उभं आहे ते बघून घेतलं, की मी समजायचो, याचं काहीतरी जुळलेलं आहे. अशी माणसं मी शेकड्यांनी ऐकली. त्यांत वकील होते, मास्तर होते, देवधर्म न मानणारे एक कॉम्रेडही होते. त्यामुळे पहिली गोष्ट ही, की तुम्हाला काही वेगळं झालेलं नाही.

आपल्या भाषेत याला जुने शब्द आहेत. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, असं आपण म्हणतोच. संस्कृतात त्यालाच काकतालीय न्याय म्हणतात. पण मला जवळचा वाटतो तो घुणाक्षर न्याय. घुण म्हणजे लाकूड पोखरणारा किडा. पोखरता पोखरता त्याच्या रेघेतून एखादं अक्षर उमटतं. किड्याला अक्षरओळख नसते, ती बघणाऱ्याला असते.

हा न्याय मी डोळ्यांनी पाहिलाय. बेळगावचा पाऊस पुस्तकांना मानवत नाही. डांबराच्या गोळ्या टाका, कडुलिंबाचा पाला ठेवा, ऑक्टोबरचं ऊन पडलं की काही गठ्ठे खराब निघतातच. एका वर्षी जुन्या मासिकांचा बांधीव खंड उघडला, तर पुठ्ठ्याच्या आतल्या कागदावर किड्यानं एक वाटोळी रेघ कोरलेली, वर छोटंसं शेपूट. आमचा शिपाई म्हणाला, "सर, 'ठ' काढलाय बघा." बाइंडर कन्नड शाळेत शिकलेला. तो म्हणाला, "ठ कुठला? हा 'र' आहे." कन्नडमधला 'र' तसाच दिसतो, वाटोळा आणि डोक्यावर टोक. दोघं खरंच वाद घालायला लागले. मला तिथं फक्त बांधणीचा खर्च दिसत होता. सीमाभागातल्या भाषावादांपैकी एवढा एकच मला किड्यामुळे झालेला आठवतो.

तुमच्या तिन्ही गोष्टी वरवर सारख्या दिसतात, पण त्यांचं मूळ वेगवेगळं आहे.

अक्कमहादेवीचं आधी घेतो. कर्नाटकात राहून ती काल पहिल्यांदा भेटली असं होणं कठीण आहे. बाराव्या शतकातली वचनकार, म्हणजे कन्नडात छोट्या भक्तिरचना करणारी संतकवयित्री, विजयपुरातलं महिला विद्यापीठ तिच्या नावाचं, कन्नडच्या पाठ्यपुस्तकांत तिची वचनं. तुमच्या शाळेच्या फळ्यावर ती याआधीही येऊन गेली असणार. तेव्हा ती तुमच्या लेखी फळ्यावरच्या चार कन्नड ओळी होती. लेख वाचल्यावर तिला नाव मिळालं, चेहरा मिळाला, आणि मग ती दिसली. नवा स्कूटर घेतला की गावभर तोच स्कूटर दिसतो, तशातली गत. अर्नोल्ड झ्विकी नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं २००५ साली याला वारंवारतेचा भास अशा अर्थाचं नाव दिलं. भाषाशास्त्रज्ञाला ते सुचावं हे बरोबरच आहे, कारण हे सगळ्यांत जास्त शब्दांच्या बाबतीत होतं. आपल्याकडे तर दुप्पट. घरात मराठी, एसटीत कन्नड, बाजारात दोन्ही, वर हिंदी. शब्द कानावरून वाहत असतात, त्यांतला एखादा पुस्तकात अडकला की दुसऱ्या दिवशी तो ऐकू येतो.

मामाचं. अकरा वर्षांनी आले, खरं. पण गावात लक्ष्मीची यात्रा होती का? तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून विचारतो. आपल्या भागात गावोगावी महालक्ष्मीची यात्रा वर्षांच्या खंडानं भरते, आणि त्या वेळी मुंबईला, गोव्याला, पुण्याला गेलेला गाव परत येतो. यात्रा नसेल तर जमिनीचं काही, कुणाचं लग्न, निवृत्तीचे पैसे. माणूस अकरा वर्षांनी उगीच येत नाही. त्यांच्या येण्याला त्यांचं कारण होतं. ते कारण तुमच्या कादंबरीला ठाऊक नव्हतं, एवढंच.

आणि दोन दिवसांनी आले. चार दिवसांनी आले असते तरी तुम्ही जुळवलं असतं. आठ दिवसांनी आले असते तर "परवाच वाचलं होतं" म्हणाला असता. मामाऐवजी आतेभाऊ आला असता, किंवा नुसता त्याचा फोन, तरीही चाललं असतं. जुळणीचं माप आपण घटना घडल्यावर कापतो, म्हणून ते नेमकं अंगाला बसतं.

जरा हिशोब करू. तुम्ही रोज तीस पानं वाचता असं धरा. पानागणिक मनाला चाटून जाईल असं काहीतरी असतं: एखादं नाव, गाव, पदार्थ, नातं, आजार. दहा धरू. म्हणजे रोज ३००, महिन्याला ९,०००. यांतली एखादी गोष्ट पुढच्या दोन-तीन दिवसांत समोर येण्याची शक्यता हजारात एक धरली, तरी महिन्याला नऊ जुळण्या झाल्या. हजारात एक हा आकडा मी अंदाजानं घेतलाय, तुम्ही हवा तर कमी घ्या. पण तुमच्या तीनच झाल्या. त्यातली एक अंगावर आली म्हणून तिन्ही मोठ्या वाटल्या.

आकड्यांच्या बाबतीत आपली अक्कल चालत नाही, हे शाळेतच करून बघता येतं. वर्गात २३ मुलं असली, तर त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. ५७ मुलं असली तर ९९ टक्के. मुलांना सांगितलं तर पटत नाही, मोठ्यांना त्याहून नाही. फक्त पटावरच्या तारखा घेऊ नका, घरून विचारून घ्या. आपल्याकडच्या जुन्या पटांत निम्मा वर्ग १ जूनला जन्मलेला असतो! माझाही वाढदिवस कागदोपत्री १ जूनच. आईच्या म्हणण्याप्रमाणे मी शिमग्याचा. बाहेरच्या माणसानं तो पट बघितला तर म्हणेल, काय हा दैवी योग, एवढी बाळं एका दिवशी! दैव कसलं, हेडमास्तरांची लेखणी. म्हणून जुळणी फारच दाट दिसायला लागली, की मी आधी लेखणी कुणाच्या हातात आहे ते बघतो.

वाचनालयात ती लेखणी बऱ्याचदा माझ्या हातात होती.

आर्थर कोस्लर नावाच्या लेखकानं नेमकं हवं ते पुस्तक अचानक हाती लागण्याच्या अनुभवांना "ग्रंथालयातला देवदूत" असं गमतीचं नाव दिलं होतं. तुम्ही कपाटाशी जाता, शोधत असता ते सापडत नाही, आणि शेजारचं पुस्तक हातात येतं ते बरोबर तुमच्यासाठी लिहिल्यासारखं. हा अनुभव खरा आहे. पण देवदूताचा पगार वाचनालय देतं. एका विषयाची पुस्तकं शेजारी शेजारी लावणं हेच तर आमचं काम. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, त्यांतले दोन असे: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वाचकाला आत सोडायचं, कपाटापर्यंत हात पोचू द्यायचा, यासाठी ते हट्टी होते. ज्या गोष्टीला वाचक योग म्हणतो ती घडावी म्हणून एका माणसानं जन्म वेचला, असंही म्हणता येईल. आणि जिथं कपाटं बंद असायची, चिठ्ठी द्यावी लागायची, तिथं देवदूत म्हणजे चिठ्ठी घेऊन आत जाणारा कारकून.

शहापूरचे एक निवृत्त पोस्टमन काका होते. वीस वर्षं फक्त रहस्यकथा न्यायचे. एका आषाढात त्यांच्या मंडळी वारल्या. महिन्याभरानं ते आले, छत्री दाराशी उघडीच ठेवली, आणि काउंटरसमोर नुसते उभे राहिले. काय पाहिजे विचारलं, तर म्हणाले, "काय पण द्या." रहस्यकथा समोर ठेवल्या. त्यांनी त्या उलटसुलट केल्या आणि परत सरकवल्या.

त्या दिवशी ते तसेच गेले. मी कपाटातून एका म्हाताऱ्याचं आत्मकथन काढून ठेवलं. एकटा पडलेला माणूस, सत्तरीत भाकरी थापायला शिकतो, असा त्यात एक लांबलचक भाग आहे. पुढच्या वेळी काका येताना दिसले तेव्हा ते पुस्तक नुकत्याच परत आलेल्या ढिगावर वरती ठेवलं, त्यांच्या बाजूला तोंड करून, आणि मी रजिस्टरात डोकं घातलं. त्यांनी ते उचललं. चाळलं. "हे कसलं?" म्हणाले. "बघा की," म्हणालो, आणि तारखेचा शिक्का मारला.

चार दिवसांनी भर पावसात आले. "सर, यात काय लिहिलंय ठाऊक आहे? पहिली भाकरी तव्याला चिकटते, दुसरी फुटते, तिसरी माणूस चहात बुडवून खातो. काल माझं तंतोतंत असंच झालं. तिसरी चहातनंच खाल्ली." मग आवाज खाली. "हिनंच पाठवलं हे पुस्तक."

मी काही बोललो नाही. खरं सांगायला हवं होतं का, हे मला अजून ठरवता येत नाही. त्यांच्या मंडळींनी नाही, मी ठेवलं होतं, म्हणालो असतो तर ते खरं ठरलं असतं. पण भाकरी चिकटली ती काही मी चिकटवलेली नव्हती. नवशिक्याची पहिली भाकरी जगात सगळीकडे चिकटते. लेखकाला ते माहीत होतं, काकांना ते तव्यावर कळलं. पुढं बरीच वर्षं ते आत्मकथनं नेत राहिले.

तर बाई, तुमच्या हातात ती कादंबरी कुणी दिली? एखाद्या मैत्रिणीनं? अप्पांची साखर, अप्पांचं ब्लडप्रेशर तिच्याशी बोलून झालं होतं का? तुम्ही स्वतः निवडलीत तर मागच्या पानावरचा मजकूर वाचून निवडलीत का? घरात पासष्टी ओलांडलेले वडील असताना बाप-लेकीच्या गोष्टीकडे हात जातो, हे मी काउंटरच्या अलीकडून तेहतीस वर्षं बघितलंय. पोटुशी बाई आईच्या कविता नेते. मुलगा सैन्यात गेला की घरात युद्धाची पुस्तकं जायला लागतात. माणूस जे होईल अशी भीती असते ते आधी पुस्तकात बघून येतो. मग ते झालं की म्हणतो, पुस्तकात आधीच लिहिलेलं होतं. शिवाय, राग मानू नका, वडील आजारी पडत नाहीत अशी मराठी कौटुंबिक कादंबरी मला शोधूनच आणावी लागेल.

आपल्या भागात आणखी एक असतं. माघाच्या आगेमागे गावोगावी साहित्य संमेलनं भरतात: कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी. पाहुणा लेखक भाषणात एखादी गोष्ट सांगून जातो. पुढच्या आठवड्यात ते पुस्तक मागायला पाच गावांतनं माणसं येतात, आणि पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी लग्नात दोघं भेटतात ते, "अरे, मी पण तेच वाचूलालो!" म्हणत. आणि आपलं गाव पुस्तकात क्वचित येतं म्हणून आपण चटकन दचकतो. मराठी कथा-कादंबऱ्या बऱ्याचदा पुण्या-मुंबईत घडतात. पुण्याच्या वाचकाला सदाशिव पेठ वाचून काही होत नाही. आपल्याला लोंढा जंक्शन नुसतं छापलेलं दिसलं तरी पुस्तक आपल्याशीच बोलतंय असं वाटतं. त्यात जी. ए. कुलकर्णी बेळगावात जन्मलेले, जन्म धारवाडला शिकवण्यात गेला, आणि त्यांच्या कथांतून नियती माणसाच्या मागं हात धुऊन लागलेली. ते वाचून वाढलेल्याला फांदी नुसती मोडलेली दिसत नाही, कुणीतरी मोडलेली दिसते.

कुणीतरी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगचं नाव तुमच्यासमोर काढेलच, म्हणून थोडक्यात. त्यानं १९५२ साली पाउली या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर काढलेल्या पुस्तकात म्हटलं की काही घटना कारणानं नाही, तर अर्थानं जोडलेल्या असतात. त्याची प्रसिद्ध गोष्ट: एक बाई स्वप्नात मिळालेल्या सोनेरी भुंग्याबद्दल सांगत होती, आणि तेवढ्यात तसाच एक किडा खिडकीवर येऊन आपटला. युंगनं तो पकडून तिच्या हातात दिला. आता, खिडकीवर किडे येतात. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यानंतर ती बाई, जी तोवर कुणाचं ऐकत नव्हती, ऐकायला लागली. अर्थ किड्यानं आणला नाही, तो त्या खोलीत झाला. इथवर मी युंगच्या बरोबर आहे. पुढं तो कारणाशिवायच्या तत्त्वाची इमारत बांधतो, तिथं मी पायऱ्या चढत नाही.

टायटॅनिकचं उदाहरणही देतील. १८९८ सालच्या एका इंग्रजी कादंबरिकेत टायटन नावाचं प्रचंड जहाज एप्रिलमध्ये उत्तर अटलांटिकात हिमनगावर आदळून बुडतं; टायटॅनिक १९१२ सालच्या एप्रिलमध्ये बुडालं. ऐकताना काटा येतो. पण लेखक मॉर्गन रॉबर्टसन स्वतः खलाशी होता. जहाजं मोठी होत चाललीत, होड्या पुरेशा नाहीत, वसंतात हिमनग खाली येतात, हे त्याच्या धंद्यातलं ज्ञान. प्रचंड जहाजाला प्रचंड नावच देतात. त्यानं भविष्य सांगितलं नाही, धोका ओळखला होता.

मी स्वतः एक प्रयोग केला होता. एका पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, रोज झोपताना त्या दिवशी वाचलेल्यातल्या पाच गोष्टी वहीत लिहायच्या. जुळल्यावर नाही, आधीच. मग तीन दिवस वाट बघायची आणि जुळली तर फुली मारायची. पहिल्याच आठवड्यात नियम बदलावा लागला, कारण मी "मुसळधार पाऊस" लिहीत होतो आणि रोज फुली मारत होतो. बेळगावात जुलैत पुस्तकातला पाऊस नि खिडकीबाहेरचा पाऊस जुळला, यात कसला चमत्कार? पाऊस वगळला. चार महिन्यांत सहाशेच्या आसपास नोंदी झाल्या. फुल्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्याही कसल्या: "कढी", "चष्मा हरवणे", "इचलकरंजी". एकही फुली अशी नव्हती की आवाज खाली आणून कुणाला सांगावी. गंमत म्हणजे त्याच चार महिन्यांत मला दोनदा अंगावर काटा आणणारं जुळलं, आणि त्या दोन्ही गोष्टी वहीत नव्हत्या. त्या मला घडल्यावर आठवल्या.

देवळात नवस फेडलेल्यांचे पाळणे टांगलेले दिसतात. ज्यांना फेडायची वेळच आली नाही त्यांची जागा कुठं दिसते? योगायोगाचं तसंच. आणि कौल लावतात तेव्हा निदान प्रश्न आधी विचारलेला असतो, उजवं फूल पडलं तर काय नि डावं पडलं तर काय हे ठरलेलं असतं. पुस्तकाच्या बाबतीत उत्तर आधी येतं आणि प्रश्न आपण मागून चिकटवतो. अप्पांना कळ आली नसती, तर त्या रात्री कुठल्या पानावर खूण होती हे तुम्हाला आज सांगता आलं असतं का?

एक मात्र गंभीरपणे सांगतो. जुळणं ही मजेची, फार तर हुरहुरीची गोष्ट आहे. पण प्रत्येक पान, प्रत्येक बातमी, बसवरची पाटी आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटायला लागलं, झोप उडाली, तर पुस्तकं बदलून उपयोग नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं. आमच्या एका सभासदाच्या पुस्तकांत अक्षरांखाली पेन्सिलीच्या टिंबांची साखळी सापडायला लागली. त्याला त्यातून निरोप येत होते. मी टिंबं खोडत बसलो आणि त्याच्या भावाला सांगायला महिना उशीर केला. ती चूक माझी. तुमच्या पत्रात मला तसलं काही दिसत नाही. घरात आजारपण झालंय आणि तुम्ही दमलाय.

मग या सगळ्याचा अर्थ काहीच नाही का? तसंही नाही. अक्कमहादेवी समोर आलीच आहे, तर त्या कन्नडच्या टीचरना सांगा, हे वचन मला वाचून दाखवा. तुम्ही मराठी शाळेच्या, त्या कन्नडच्या. स्टाफरूममध्ये एका बाकावर बसायला एवढं निमित्त पुष्कळ झालं. तिच्या वचनात शेवटी तिचा देव चेन्नमल्लिकार्जुन येतो, बसवण्णांच्या वचनात कूडलसंगमदेव. तो कूडलसंगम म्हणजे कृष्णा-मलप्रभेचा संगम, आणि मलप्रभा उगवते कणकुंबीला, तुमच्याच खानापूर तालुक्यात. हा योगायोग नाही, भूगोल आहे. पण मला तो समजला त्या दिवशी मी चहा पिता पिता थांबलो होतो.

कधी कधी कारण सगळं कळूनही माणूस थांबतोच. चाळिशीतल्या एक बाई जुनी कादंबरी घेऊन गेल्या आणि तासाभरात परत आल्या. पुस्तकाच्या पाठीमागच्या खिशात जुनं कार्ड राहिलं होतं, सभासद क्रमांक नि तारखा लिहायचं. त्यात त्यांच्या आईचा क्रमांक होता, आणि तारीख त्यांच्या स्वतःच्या जन्माआधी पंधरा दिवसांची. आई जाऊन सहा वर्षं झालेली. यात न कळण्यासारखं काय आहे? एकच गाव, एकच वाचनालय, घरात पिढ्यान्‌पिढ्या तेच सभासदत्व, आवडही आईकडून आलेली. पुस्तक टिकलं, कार्ड कुणी बदललं नाही. मी हे सगळं त्यांना सांगू शकलो असतो. त्या बाकावर अर्धा तास बसल्या. मी त्यांना ते कार्ड दिलं आणि पुस्तकाला कोरं लावलं. नियमात बसत नाही.

आता तुमची नव्वद पानं. ती दिवसाउजेडी वाचा, अप्पांच्या खाटेशी बसून. अप्पांना विचारायचं असेल तर विचारा, ऐकायचं का म्हणून. आजारी माणसं आपल्या कल्पनेपेक्षा या बाबतीत धीट असतात.

माझ्या आईचं ऑपरेशन होतं तेव्हा मी इस्पितळाच्या व्हरांड्यात एक कादंबरी वाचत होतो. वाचनालयातनं घाईत उचललेली, काय आहे ते न बघता. तिच्यात आई मरते, ऑपरेशनच्या टेबलावरच. मी ते पान वाचलं तेव्हा आतला दिवा लागलेला होता. पुस्तक मिटून पिशवीत घातलं. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, झालं, व्यवस्थित आहे. आई त्यानंतर नऊ वर्षं जगली. पापड लाटले, माझ्याशी भांडली, नातवाचं लग्न बघितलं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखं काही जुळलंच नव्हतं. पुस्तक मी पुढं पूर्ण वाचून चार दिवस उशिरा परत केलं आणि माझ्याच रजिस्टरात माझा दंड लिहिला.